प्रकाशगडाला किनाऱ्यावरून

मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी (महावितरण),
प्रकाशगड, वांद्रे (पूर्व), मुंबई यांस

महोदय,


आपल्या टपालात दोनच प्रकारची पत्रं येत असावीत, तक्रारीची आणि सत्काराची. हे पत्र दोन्हींत बसणारं नाही, म्हणून ते कुठल्या फायलीत लावायचं हा प्रश्न आपल्या कार्यालयाला पडेल.

आपल्या कंपनीचा जन्म 6 जून 2005 चा. जुन्या वीज मंडळाची वाटणी झाली आणि घरोघर वीज पोचवण्याचं, बिल वसूल करण्याचं आणि शिव्या खाण्याचं काम आपल्या वाट्याला आलं. 6 जून ही तारीख आमच्या रायगड जिल्ह्यात वेगळ्या कारणाने पाठ असते. 1674 साली त्याच दिवशी रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला. 2020 साली महावितरणला पंधरा वर्षं पूर्ण झाली, त्या दिवशी मात्र अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर बहुतेक गावांत दिवा नव्हता. तीन दिवसांपूर्वी, 3 जूनला, बुधवारी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं होतं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आकडा वाचून काही कळत नाही. आमच्या वाडीत नारळाचे माड धनुष्यासारखे वाकत होते आणि पोफळी काडीसारख्या मोडत होत्या, एवढंच कळलं. अलिबाग तालुक्यातल्या उमटे गावात विजेचा खांब कोसळून एका गृहस्थांचा जीव गेला.

विजेचा खांब एकटा पडत नाही, हे त्या दिवशी पाहिलं. तारेने बांधलेला असल्यामुळे पडताना तो शेजाऱ्याला ओढतो, शेजारी पुढच्याला. माड तारेवर पडला की तार तुटते तरी, नाहीतर दोन्हीकडचे खांब घेऊन खाली येते. लोखंडी खांब असेल तर खाऱ्या वाऱ्याने बुडाशी आधीच पोखरलेला, सिमेंटचा असेल तर जमिनीलगत कटकन मोडणारा. संध्याकाळी वारा पडल्यावर रस्त्यावर आलो तर गावाची वीज गावाच्या रस्त्यावर पसरलेली होती.

वादळानंतर दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. कितीतरी गावांत वडच आडवे झालेले. ढग फाटले की चांदणं पडायचं आणि त्या उजेडात उन्मळलेल्या वाड्या दिसायच्या. अंधार असता तर बरं, असं वाटायला लावणारं ते चांदणं. त्यानंतर अमावस्या आली. ती उलटली तरी श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या काही वाड्यांत दिवा लागला नव्हता.

दिव्याचं एवढं नाही हो. कंदील माळ्यावर होता, रॉकेल नव्हतं तर गोडेतेलाची समई होती. खरी अडचण पाण्याची. अष्टागरातल्या, म्हणजे आमच्या अलिबागकडच्या किनारपट्टीतल्या, प्रत्येक वाडीत विहीर आहे आणि एके काळी प्रत्येक विहिरीवर रहाट होता. बैल फिरायचा, पोहरे वर यायचे, पाटाने पाणी पोफळींच्या मुळाशी जायचं. विजेचे पंप आले तसे रहाट मोडीत निघाले, बैल विकले गेले. ते योग्यच झालं, रहाटामागे आयुष्य घालवणाऱ्यांना विचारा. पण पंप आला म्हणजे वाडीची नाळ आपल्या रोहित्राला जोडली गेली. 3 जूननंतर विहिरीत पाणी काठोकाठ आणि घरात घागरभर नाही, अशी गत झाली. आमची ऐंशीच्या घरातली आत्या पोहऱ्याला गाठ कशी मारायची ते नातवंडांना शिकवत होती. नळपाणी योजनांचे पंप बंद, मोबाइलचे मनोरे बंद, बँकेचं यंत्र बंद. मुंबईतल्या मुलांना आम्ही जिवंत आहोत एवढं कळवायला माणसं डोंगराच्या कुशीत जिथे 'रेंज' मिळेल तिथपर्यंत चालत जात होती. त्यातून जूनचे दिवस म्हणजे मासेमारीला बंदी. होड्या शाकारून वर ओढलेल्या होत्या म्हणून बर्फाच्या कारखान्यांचा प्रश्न तेवढा टळला. हंगामात हे झालं असतं तर कोळीवाड्यांनी काय केलं असतं, याचा विचार आपल्या खात्यात कुणीतरी करून ठेवावा.

इथे थोडं विषयांतर करतो. वीज आणि हा जिल्हा यांचं नातं जुनं आणि काहीसं एकतर्फी आहे. मुंबईच्या गिरण्यांना जलविद्युत मिळाली ती खोपोलीहून, 1915 साली. मग 1922 ला भिवपुरी, 1927 ला भिरा. तिन्ही टाटांची वीजघरं, तिन्ही तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आमच्याच, जिल्ह्यातली. भिऱ्यासाठी मुळशीचं खोरं बुडालं आणि सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला. त्या वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिकेत पडतं, रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत येतं आणि समुद्राला मिळतं. वीज तारेने मुंबईला गेली आणि पाणी आमच्या दारावरून वाहत राहिलं. दिवे आमच्या गावांत आले ते त्यानंतर कित्येक दशकांनी.

दुसरी गोष्ट याहून मजेची. अलिबागला भूचुंबकीय वेधशाळा आहे. ती 1904 मध्ये इथे का आली? मुंबईत विजेच्या ट्राम धावणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुया बिथरल्या असत्या. डॉ. नानाभॉय मूस यांनी वीज नसलेली, पण मुंबईपासून फार लांब नसलेली जागा शोधली. ती अलिबागला सापडली. म्हणजे आमच्या अलिबागची पहिली शास्त्रीय कीर्ती 'इथे वीज नाही' या गुणावर उभी आहे! जून 2020 मध्ये त्या सुया किती शांत असतील, असा विचार मनात येऊन गेला. माणसाला नको तेव्हा नको ते सुचतं.

आता आपल्या माणसांबद्दल.

वादळानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे आलेलं पथक घाटावरचं होतं. बोलण्यावरून कळत होतं, आणि तांदळाची भाकरी पाहून त्यांनी केलेल्या चेहऱ्यावरून जास्त कळत होतं. ते करोनाच्या टाळेबंदीचे दिवस. परजिल्ह्यातून आलेला माणूस म्हणजे गावाला धास्ती. वस्तीला शाळा दिली होती. आम्ही पाण्याचा हंडा फाटकाबाहेर ठेवायचो आणि लांबून हात जोडायचो. वीज हवी होती, ती आणणारा माणूस जवळ नको होता. हे मी आमच्या वतीने कबूल करून टाकतो.

त्यांचं काम पाहत मी दिवस काढले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. गावकरी विचारायचे, अलिबाग शहरात वीज आली, मग आमच्याकडे का नाही? त्याचं उत्तर मला तेव्हा कळलं. आधी मोठ्या मनोऱ्यांवरची वाहिनी उभी राहते, मग उपकेंद्रापर्यंतची, मग फीडर, मग गावच्या डीपीपर्यंतची उच्चदाब वाहिनी, मग घरांपर्यंतची लघुदाब (एलटी) वाहिनी, आणि शेवटी दारातली सर्व्हिस वायर. यातली एक कडी राहिली तरी पुढचा सगळा अंधार. आणि वाडी नेहमी शेवटच्या कडीला असते. तिथे क्रेन जात नाही, वाट दोन हाताची, दोन्हीकडे गडगे. आठ-दहा माणसं खांब खांद्यावर घेऊन, मोडलेल्या पोफळींच्या ढिगाऱ्यावरून, चिखलात, वरून पाऊस कोसळत असताना आत नेत होती. खड्डा खणायला लागलं की हातभर खाली पाणी.

खांबावर चढण्याआधी त्यांच्यातला वयाने मोठा असलेला एक जण दर वेळी एकच गोष्ट करायचा. वाहिनी बंद केल्याचं परमिट मिळालंय का हे फोनवर दोनदा विचारायचा, तारेला अर्थिंग लावायचा आणि मग गावकऱ्यांकडे वळून ओरडायचा, ''जनरेटर कुणाचा चालू आहे?'' हा प्रश्न अलिबाग परिसरात फार महत्त्वाचा. इथे बंगले आहेत, रिसॉर्ट आहेत, प्रत्येकाच्या मागच्या अंगणात जनरेटर आहे. मेन स्विच न पाडता कुणी तो चालू केला तर वीज उलटी तारेत शिरते. रोहित्रातून ती उलटीच चढते आणि बंद म्हणून ज्या तारेला हात लावला तीच माणसाला धरते. तीन आठवड्यांचा अंधार सोसणारं गाव आणि तीन मिनिटांचा अंधार न सोसणारा बंगला एकाच वाहिनीवर असतात, आणि दोघांच्या मध्ये खांबावर तो माणूस असतो.

आपण त्यांना 'जनमित्र' म्हणता. नाव छान आहे. गाव त्याला वायरमनच म्हणतं. पण पथकातल्या कितीजणांच्या ओळखपत्रावर महावितरणचं नाव होतं आणि कितीजणांच्या ठेकेदाराचं, हे मी विचारलं नाही. एकजण आपणहून सांगून गेला की तो कंत्राटी आहे. खांबावर कायम आणि कंत्राटी, दोघांची उंची सारखीच होती. काम संपल्यावर सगळे मिळून समुद्र पाहायला गेले. त्यांतल्या दोघांनी तो पहिल्यांदाच पाहिला.

त्या काळाचा बाकीचा हिशेब आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मार्चअखेर टाळेबंदी लागली, मीटर वाचन थांबलं. 5 एप्रिलला रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटं दिवे मालवले गेले तेव्हा काही मिनिटांत सुमारे 31 हजार मेगावॅटने मागणी घसरली, आणि ग्रिड सांभाळणाऱ्यांनी ते निभावलं. मग जूनमध्ये तीन महिन्यांचं एकत्र बिल आलं आणि राज्यभर ओरड झाली. हिशेब बरोबर असेलही, पण ज्याचा रोजगार मार्चपासून बंद आहे त्याला तीन महिने एका कागदावर दिसले की छाती दडपते. बिल सोपं करून सांगण्याची कला महावितरणला अजून साधलेली नाही, हे आपण मान्य कराल. 12 ऑक्टोबरला सकाळी मुंबईच अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि किनाऱ्यावरच्या काहींनी, खोटं कशाला सांगू, थोडं समाधान मानलं. मे 2021 मध्ये 'तौक्ते' आमच्या समोरून उत्तरेला गेलं, आत न शिरता. जाताना नुकतेच उभे केलेले खांब पाडून गेलं. करोनाची दुसरी लाट भरात होती, आणि वीज कर्मचाऱ्यांच्या संघटनांना आपल्या माणसांना आघाडीचे कर्मचारी मानून लस द्या, अशी मागणी करावी लागत होती. पुढे 22 जुलैला सावित्री नदी महाडात शिरली, तळिये गाव दरडीखाली गेलं. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या तुकड्या घाटाच्या पायथ्याला वळल्या आणि चिखलाने भरलेली यंत्रं धुऊ लागल्या.

चौदा महिन्यांत दोन वादळं, एक महापूर आणि एक महामारी. दर वेळी प्रसिद्धिपत्रकात एक शब्द होता, 'युद्धपातळीवर'. काम युद्धपातळीवर सुरू, खांब युद्धपातळीवर उभे. महोदय, या शब्दाचं मला भय वाटू लागलं आहे. युद्ध कधीतरी होतं. दर मे-जूनला होत असेल तर त्याला शेती म्हणतात, आणि शेतीची तयारी आधी करावी लागते. आणि खरंच युद्ध असेल तर सैनिकाला शिरस्त्राण मिळतं आणि मागे राहिलेल्यांची काळजी घेतली जाते.

महावितरणने तो काळ तारून नेला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तारून नेला कुणी? तारा तुटल्या, खांब मोडले, रोहित्रं आडवी झाली. यंत्रणा टिकली नाही. माणसं टिकली आणि त्यांनी यंत्रणा पुन्हा उभी केली. या दोन गोष्टींत फरक आहे आणि सत्काराच्या भाषणांत तो पुसला जातो. वायरमनच्या पाठीचा चिवटपणा हा कंपनीच्या ताळेबंदातला साठा नव्हे. तो वापरला की झिजतो.

मग काय करावं? आमच्याकडे कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल: तारा जमिनीखाली घाला. राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पातून अलिबाग शहरात भूमिगत वाहिन्यांचं काम घेतलं गेलं. तौक्तेनंतर राज्य सरकारनेही कोकण किनाऱ्यासाठी भूमिगत वीजवाहिन्यांचा आराखडा मांडला. विशाखापट्टणमने 2014 च्या 'हुदहुद'नंतर तोच मार्ग धरला. ओडिशात 2019 च्या 'फनी'ने दीड लाखाच्या वर खांब पाडले, तेव्हा पुरीची अवस्था आमच्या श्रीवर्धनसारखीच झाली होती. शहरांत भूमिगत वाहिन्यांना पर्याय नाही, हे मलाही पटतं.

पण मी त्या घोषणेत सूर मिसळणार नाही. आमची पुळण चार हात खणली की पाणी लागतं, तेही मचूळ. तिथे केबल बिघडली तर दोष शोधायला यंत्राची गाडी यावी लागते, आणि वाडीच्या वाटेत ती मावत नाही. वर तुटलेली तार गावातलं पोरही दाखवतं. शिवाय वादळाला जमिनीखालचं चालतं, पुराला चालत नाही, महाडला विचारा. तेव्हा शहर आणि बाजारपेठा जमिनीखालून, वाड्यांमधून उघड्या तारांऐवजी आवरण असलेली एबी केबल, दोन खांबांमधलं अंतर कमी, वळणाच्या खांबाला दुहेरी ताण, आणि पुराच्या पट्ट्यात डीपीचा ओटा उंच, अशी सरमिसळ लागेल. हे मी आपल्या अभियंत्यांना शिकवत नाही. पेण मंडळातल्या अभियंत्यांना यातलं सगळं माहीत आहे. त्यांनी सांगितलेलं भांडुप परिमंडलातून प्रकाशगडापर्यंत चढताना कुठल्या पायरीवर थांबतं, ते फक्त आपल्याला माहीत असणार.

काही गोष्टींना तर मोठा खर्चही नाही. 31 मेच्या आत खांब, तार, इन्सुलेटर रोह्याला आणि माणगावला साठवलेले असावेत, कारण वादळात म्हसळ्याकडचा रस्ता झाडांनी अडला की घाटावरून आलेला ट्रक तिथेच उभा राहतो. नळयोजनेच्या पंपाचा आणि दवाखान्याचा फीडर आधी उभा करायचा, हे कागदावर ठरलेलं असावं, सरपंचाच्या ओळखीवर नव्हे. गावागणिक वीज किती दिवसांनी आली, किती खांब पडले, त्यातले किती गंजाने आणि किती झाडाने, याचा निसर्ग आणि तौक्तेचा हिशेब छापून ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लावावा. लोक रागावतील. रागावलेले लोक परवडले, पुढच्या वादळालाही तोच खांब त्याच खड्ड्यात पुरणं परवडणार नाही. आणि वादळाच्या कामावर येणारा माणूस कायम असो की कंत्राटी, विमा, पट्टा, हातमोजे आणि जेवणभत्ता एकच. यावर मी अधिक काही लिहीत नाही, कारण यावर वाद होऊ शकतो असं मला वाटत नाही.

आमच्या बाजूचंही लिहायला हवं. मे महिन्यात आपली माणसं कोयता घेऊन तारेला टेकणाऱ्या झावळ्या छाटायला येतात तेव्हा आम्हीच गडग्यावर उभे राहून भांडतो. माडाला हात लावायचा नाही! माडाला काय, रोठा सुपारीच्या झाडाला काय, फळ धरायला वर्षं जातात, त्यामुळे हे भांडण निव्वळ हट्टाचं नाही. पण त्याच माडाने जूनमध्ये चार खांब पाडले की आम्ही आपल्याच नावाने बोटं मोडतो. तेव्हा बागायतदारांना बसवून, कुठल्या वाडीतली वाहिनी गडग्याबाहेर काढायची आणि कुठलं झाड काढून त्याची भरपाई द्यायची, हे एकदा ठरवून टाका. भांडू, पण उन्हाळ्यात भांडू.

एक शेवटची विनंती. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने तासाभरात मांडवा येतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एखाद्या सकाळी या. गाडी चौलपर्यंत येईल, पुढे पायी चालावं लागेल. वाडीतला एक खांब मला दाखवायचा आहे. येणार असाल तर आधी कळवू मात्र नका. कळवलंत की आदल्या दिवशी झाडं छाटली जातील, खांबाला रंग लागेल, आणि आपल्याला दाखवण्यासारखं काही उरणार नाही.

कळावे,
आपला,
अष्टागरातला एक ग्राहक